दुसरा नंबर

जगातल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी सांगायचं असतं आणि ते ऐकून घेण्याची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्याच्याच इमारतीत मी चार वर्षं भाड्यानं राहिलो. माण गावात, आयटी पार्कच्या कुंपणाला पाठ टेकून उभी असलेली ती चार मजल्यांची इमारत. तिच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढरा सदरा-लेंगा आणि डोक्यावर किंचित तिरकी टोपी, असे आमचे घरमालक दिवसभर बसलेले असत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा रिकामा बसलाय. प्रत्यक्षात त्या वेळी त्यांचं वाचन चालू असे. पुस्तकाचं नव्हे, पुस्तकाशी त्यांचं शाळेतच फाटलं होतं. ते वाचत चपला, दोरीवरचे कपडे, टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा आवाज, कुत्र्याची बसण्याची दिशा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूची नोकरी गेली, हे त्याच्या घरच्यांच्या आधी मालकांना कळलं. "बूट तीन दिस हलले न्हाईत," ते मला म्हणाले, "आन् चपला मातूर लांब लांब फिरून येत्यात. तळव्याच्या मातीचा रंग बगा की." संध्याकाळी त्या भाडेकरूच्या दाराशी पिठलं-भाकरीचं ताट गेलं. कशाबद्दल, ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावर अडवलं. "इंजिनेर, तुमी आंघोळ लई घाईत उरकता."

"कशावरून?" मी ताठ होऊन विचारलं.

"टाकी बोलती."

दुसऱ्या दिवशी मी चांगला वीस मिनिटं नळ सोडून, कोरडाच, मोबाईल बघत मोरीत बसलो. खाली उतरलो तर मालक टोपी सारखी करत म्हणाले, "आज नुसता नळ सोडला हुता. अंगावर घेतलेलं पाणी असं एका सुरात पडत न्हाई." त्या दिवसापासून मी खरंच आंघोळ करू लागलो. माझ्या आईला जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते या गृहस्थांनी ओट्यावर बसून केलं.

इमारतीतल्या खोल्यांना नंबर होते. ते दारांवर ठळक रंगवलेलेही होते. पण मालकांनी ते कधी उच्चारले नाहीत. इमारत जिथं उभी होती तिथं पूर्वी त्यांचं शेत होतं, आणि कुठल्या खोलीखाली काय पिकायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कोपऱ्यातल्या चार खोल्या म्हणजे हरभरा, जिन्यालगतच्या दोन म्हणजे कांदा, मी राहत होतो तो भुईमूग. माझ्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर राहणारी मंडळीही भुईमूगच, कारण "वर गेलं म्हणून जमीन बदलती व्हय?" बिहारकडच्या एका भाडेकरूला ते एकदा अत्यंत कळकळीनं सांगत होते, "भैया, तुमारा नल मेथी में टपकता हाय." तो बिचारा स्वयंपाकघरात जाऊन मेथीची जुडी उचलून ठेवून आला. माझी घरी येणारी पार्सलंसुद्धा "भुईमुगाचं आलंय काय तरी" अशीच माझ्यापर्यंत पोचत.

पण हे सगळं वाचन एकीकडे आणि हाकेला ओ देणं दुसरीकडे. कुठूनही, कुणीही, कुणालाही हाक मारली तरी पहिली ओ आमच्या मालकांची. रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या आरोळीलासुद्धा ते आतून "ओ, आज न्हाई बाबा" असं उत्तर देत. गप्प राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. चुकीचा नंबर लागला तर समोरचा "राँग नंबर" म्हणून सुटू पाही, पण मालक त्याला सोडत नसत. "लागला तर लागला. बोला, पाऊसपानी काय म्हनतंय तिकडं?" अशा एका चुकलेल्या नंबरच्या घरच्या बारशाला ते एसटीनं दोन गाड्या बदलून जाऊन आले होते. विमा विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला आधी जेवलीस का विचारलं. ती 'नाही' म्हणाली. मग तिनं डबा उघडेपर्यंत ते फोन धरून बसले आणि विम्याचा विषय दोघंही विसरले.

अशा या माणसानं एकाच घराला नऊ वर्षं ओ दिली नव्हती. ते घर घोटावड्याला, म्हणजे गाडीनं वीस मिनिटांवर होतं, आणि ते त्यांच्या साडूचं होतं. काकींची, म्हणजे मालकीणबाईंची, सख्खी थोरली बहीण त्या घरात दिलेली. साडू-साडूंचं एकेकाळी इतकं जमायचं की दोघं बैल एका बाजारात घेत आणि कापड एका ताग्यातलं. मग साडूच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात माईकवर स्वागताची नावं वाचायला एक दमदार आवाजाचे गृहस्थ उभे होते. त्यांनी हजर पाहुण्यांचं स्वागत केलं, गैरहजरांचं केलं, वाटेत असलेल्यांचं केलं, मांडववाल्याचं केलं, आणि नवरीचे सख्खे मावसकाका म्हणून फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या मालकांचं नाव तेवढं राहिलं. मालक उठले आणि न जेवता काकींना घेऊन निघाले. तेव्हापासून घोटावडे त्यांच्या नकाशातून गेलं. पिरंगुटला जायचं झालं तर सरळ रस्ता सोडून ते पार चांदणी चौकाला जाऊन भुकूमवरून वळसा घालत. काकींनी बहिणीचं तोंड नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या कधी बोलून दाखवत नसत, पण घोटावड्याकडून येणारी सहाआसनी रिक्षा फाट्यावर थांबली की त्यांची भाजी निवडणारी बोटं थांबत. दोरीवरचे कपडे वाचणाऱ्या मालकांना ती बोटं दिसत नसतील असं मला वाटत नाही. पण त्या पानावर ते डोळे ठेवत नसत.

आणि अशात, भर एप्रिलात, ते फोन सुरू झाले.

अनोळखी नंबर. सकाळी साडेआठच्या सुमारास पहिला फोन येई. मालक उचलून "बोला" म्हणत. पलीकडून आवाज येई: पिप. बस, एकच. पाचेक मिनिटांनी त्याच नंबरवरून दुसरा फोन: पिप, पिप. आणि मग दोनेक तासांनी तिसरा, तीन पिपांचा. माणसाचा शब्द नाही, श्वास नाही. तुम्हीआम्ही दोन दिवसांत वैतागलो असतो. मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला धीर द्यायला सुरुवात केली. "घाबरू नका. बोलता येत न्हाई का? बरं, मग येक पिप म्हंजी व्हय आन् दोन म्हंजी न्हाई. जेवलायसा का?" पलीकडे दोनदा पिप वाजलं. मालकांनी माझ्याकडे व्याकूळ होऊन पाहिलं. "उपाशी हाय वो."

काकी आत चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी जरा जास्तच आपटली.

तिसऱ्या दिवशी मालकांनी भिंतीवरचं कॅलेंडर ओट्यावर आणून टांगलं आणि आलेला प्रत्येक फोन त्यावर काडी-काडी मारून नोंदवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "इंजिनेर, तुमी असल्याच कामाला हाय न्हवं?" मी खरं तर कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या कामाला होतो. पण ओट्यावर काकी होत्या, दोन भुईमूग आणि एक हरभरा उभा होता. मी म्हटलं, "हो, म्हणजे सांकेतिक भाषा हा माझा विषयच आहे." हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला फार बरं वाटलं होतं, एवढंच आता आठवतं.

मी रात्रभर इंटरनेट चाळून सकाळी निष्कर्ष घेऊन आलो. तारखात्याच्या जुन्या टिंब-रेघांच्या लिपीत एक टिंब म्हणजे इंग्रजी ई, दोन म्हणजे आय, तीन म्हणजे एस. जोडून वाचलं की होतं 'आइस', आणि जर्मन भाषेत त्याचा अर्थ बर्फ.

मालकांनी बोटांवर नातेवाईक मोजून पाहिले. "जर्मनीत आपलं कुनी न्हाई," ते म्हणाले. "पर बर्फवाला एक वळखीचा हाय. भुकूमला."

मला तेव्हाच हसून विषय संपवता आला असता. पण माझ्या निष्कर्षाला इतक्या गांभीर्यानं घेणारा माणूस मला कंपनीत कधी भेटला नव्हता. आम्ही माझ्या जुन्या गाडीतून भुकूमला गेलो. बर्फवाला लाद्यांवर भुसा पसरत होता. मालकांनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय अडचन हाय का तुला? सांग, लाजू नगं." तो चक्रावला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं?" आणि बायको दोन महिने माहेरी जाऊन बसल्याची सगळी कहाणी त्यानं बर्फावर बसून सांगितली. मालकांनी ती दीड तास ऐकली. मी गाडीत घामाघूम. निघताना मालक बर्फाची अर्धी लादी मांडीवर घेऊन बसले, आणि माझ्या गाडीची पुढची सीट पुढे आठवडाभर ओली होती. "तुमची लिपी बराबर निघाली," ते म्हणाले. "फकस्त फोन त्याचा न्हवता."

दुसऱ्या आठवड्यात फोन सकाळचे बंद होऊन मध्यरात्रीनंतर येऊ लागले. मालक झोपेतून उठून उचलत, काड्या मारत. गुरुवारी मात्र अजिबात फोन येत नव्हता, ना पहिल्या आठवड्यात, ना दुसऱ्या. गुरुवारची रिकामी चौकट मालकांना फार भावली. "मानूस देवभोळा हाय. गुरुवार पाळतुया. मौन आसंल." मला मात्र वेळ बदलल्याबरोबर सगळं लख्ख दिसलं. दिवसपाळी, रात्रपाळी, आठवड्याची एक सुट्टी. "मालक, हे फसवणूक करणाऱ्यांचं ऑफिस आहे. शिफ्टमध्ये चालतं. आधी नुसतं पिप करतात, मग एक दिवस खातं साफ." आणि चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी सकाळी, फोन पुन्हा साडेआठवर आल्यावर, मालकांच्याच मोबाईलवरून तो नंबर उलटा लावला. एकदा रिंग वाजली आणि कट. पुन्हा लावला. पुन्हा कट. मी चिडलो. चोर माझ्याशी बोलायला तयार नाही, याचा मला अपमान वाटला. मी अकरा वेळा फोन लावला. शेवटी कंटाळून मी तो नंबर ब्लॉक केला आणि मालकांना काही न सांगता फोन त्यांच्या खिशात ठेवला. आपण एका भाबड्या म्हाताऱ्याला वाचवलं, असं मानून त्या दिवशी मी कंपनीत सगळ्यांशी प्रेमानं वागलो.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. मंगळवारी संध्याकाळी मी परतलो तर मालक ओट्यावर नव्हते. आत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताट झाकून ठेवलेलं.

"काय झालं काकी?"

"काय व्हायचंय! त्यो पिपवाला गेला म्हनं. दोन दिस घास उतरंना ह्यांच्या घशाखाली."

मालक भिंतीकडे बघतच म्हणाले, "येवढा बोलवत हुता, इंजिनेर. आपल्याला कळलंच न्हाई."

मी त्यांचा फोन मागून घेतला, 'जरा बघतो' म्हणून नंबर मोकळा केला आणि परत दिला. बुधवारी सकाळी साडेआठला पिप वाजलं, तेव्हा मी जिन्यात होतो. मालक ओट्यावरून ओरडले, "जित्ता हाय! अगं, जित्ता हाय!" अख्ख्या इमारतीतून माणसं डोकावली. मी मालकांच्या समोरून मान खाली घालून निघालो होतो. त्यांनी मला थांबवलं आणि अगदी हळू म्हणाले, "पुन्यांदा असं करू नगा. दोन दिस कुनाचं तरी ऐकायचं राह्यलं." रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. सकाळपासून पंखा नाही, इन्व्हर्टरनं मान टाकलेली, अठ्ठावीस खोल्यांमधले लोक ओट्यावर येऊन वही, पुठ्ठा, मिळेल त्यानं वारा घेतायत. मी घरून काम करण्याच्या नावाखाली वीज कंपनीला शिव्या घालत होतो. "गुरुवार आला की झालं! गुरुवारी हमखास नाहीच!"

मालकांचा पंखा म्हणून हलणारा पुठ्ठा थांबला. ते कॅलेंडरकडे बघू लागले. उठले. एकेका रिकाम्या गुरुवारावर बोट ठेवलं. मग पहिल्या आठवड्याच्या काड्यांवरून, दुसऱ्या आठवड्याच्या काड्यांवरून, एखाद्या आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं बोट फिरवलं.

"मौन न्हवं त्ये," ते म्हणाले. "लाईट न्हवती."

कुणालाच काही कळलं नाही.

"येक आठवडा दिवसा, येक आठवडा रात्री." ते माझ्याकडे वळले. "शेतीची लाईट हाय ही. त्यो मानूस न्हवंच. मोटार हाय. मोटारीवर नवी पेटी बसवत्यात आता, मोबाईलचं कार्ड घातलेली. लाईट आली की येक पिप. मोटार चालू झाली की दोन. हिरीचं पानी संपून बंद पडली की तीन."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. अडीच आठवडे मी जर्मनीपासून चोरांपर्यंत सगळं पालथं घातलं होतं. पण मालक मात्र आनंदले नाहीत. खुर्चीत बसत म्हणाले, "तीस वर्सं ह्या लायटीमागं रात-दिस फिरलोय म्या. झोपंत कुनी इचारलं तरी पाळी सांगायचो. आन् मोटार येऊन कानात सांगतीया तरी वळखंना मला." माणमध्ये आता शेतीची लाईटच उरलेली नव्हती. पाळी असायला पीक लागतं.

मग ही मोटार कुठली? मालकांनी फाट्यावरच्या एका जुन्या वायरमनला फोन लावून विचारलं की या आठवड्यात सकाळी साडेआठची पाळी कुठल्या भागाला आहे. त्यानं सांगितलं. मालकांनी फोन खाली ठेवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी विचारलं, "कुठं?" ते फाट्याकडे बघत राहिले. त्यावरूनच मला कळलं. चांदणी चौकावरून वळसा घालून जे गाव टाळायचं, तेच.

त्या दिवशी ते ओट्यावरून उठले नाहीत. काकींनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुसरा आणून ठेवला.

शुक्रवारी साडेआठला एक पिप. पाच मिनिटांनी दोन. मालक खुर्चीत ताठ बसले होते. एकाएकी उठले आणि म्हणाले, "इंजिनेर, गाडी काढा. पानी चालू झालंय आन् त्ये धरायला, सरीत वळवायला कुनी दिसत न्हाई. न्हाईतर दुसऱ्याच्या नंबरला कशाला फोन करंल त्यो?" मग दाराकडे वळून, जरा अवघडून, "ऐकलं का, जरा घोटा—"

काकी उंबऱ्यात उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात भरलेली पिशवी. पिशवीतून लसणाच्या चटणीचा वास येत होता. ही तयारी पाच मिनिटांतली नव्हती.

"तुला म्हाईत हुतं?" मालक म्हणाले.

"व्हय."

"कवाधरनं?"

"पयल्या दिवसापासनं. तुमी आंघोळीला गेला हुता तवा मीच उचलला फोन. आमची अक्की फोनवर सांगत असती की मला सगळं. पाव्हन्यांचा पाय मोडलाय, पलास्टरात हायेत. मोटारीपतूर चालवत न्हाई म्हून पेटी बसवली. त्येंना ऐकू बी कमी येतंय आता. पयल्या नंबरानं उचलला न्हाई की पेटी दुसऱ्याला लावती."

"मग सांगायचं न्हाई?" मालक जवळजवळ ओरडले. "म्या हितं काड्या मारतुया, इंजिनेर बर्फ आनतुया—"

"सांगितलं असतं तर गेला असता?"

मालकांनी काकींच्या हातातली पिशवी घेतली. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो, जी माझ्या हातातच होती.

आम्ही निघालो. कारखान्यांची कुंपणं संपली, शेतं लागली. एका वळणावर मालक म्हणाले, "हितं," आणि गाडी नीट थांबायच्या आधी उतरले. घराकडे गेलेच नाहीत. काकडीचा मांडव होता. वरचा निम्मा पाण्यात उभा राहून पिवळा पडलेला, खालचा निम्मा वाळून माना टाकलेला. मोटार पाणी ओततेय आणि पाण्याला वळवायला कोणी नाही, म्हणून एकाच सरीतून ते बांध फोडून रस्त्यावर चाललं होतं. मालकांनी चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, बांधावरचं फावडं उचललं. नऊ वर्षांत ज्याचं नाव काढलं नाही त्या माणसाच्या शेतात ते असे शिरले जणू कालच अर्धं काम टाकून गेले होते. एका फावड्याच्या मातीत एक सरी बंद, दुसऱ्या फटक्यात दुसरी उघडी. पाणी त्यांच्या पाठीमागून वळत होतं. मी मदतीला म्हणून आत पाऊल टाकलं आणि ते नेमकं वेलावर पडलं. मागे घेतलं ते चिखलात. मग मी बुडासकट सरीत बसलो आणि पाणी अडवण्याचं माझं तेवढंच एक काम उपयोगी पडलं.

घराच्या पडवीत बाजेवर पाय उंच ठेवून एक म्हातारे गृहस्थ पडले होते. त्यांनी कोपरावर उठून डोळ्यांवर हात धरला. "कोन हाय रं तिकडं? पानी कोन फिरवतंय?"

मालक सरीत उभे राहिले. क्षणभर मला वाटलं, आता नाव सांगतील. ते ओरडले, "दुसरा नंबर!"

"आं? कोन?"

"दुसरा नंबर हाय! फोन आला हुता म्हून आलोय!"

बाजेवरचे गृहस्थ आणखी वर उठले. डोळ्यांवरचा हात तसाच राहिला. पडवीच्या आत दोन बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हलत होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्या अंतरावरून मला वाचता आलं नाही. मग साडू ओरडले, "खालच्या तुकड्याला आदी दे!"

"मला शिकवू नगा!" मालक ओरडले, आणि खालच्या तुकड्याकडे पाणी वळवलं.

दुपारी जेवताना सगळं कळलं. पेटी बसवणाऱ्यानं विचारलं होतं, दुसरा नंबर कुणाचा टाकू? "माज्या तोंडात ह्योच आला," साडू ताटाकडे बघत म्हणाले. "दुसरा कुनाचा पाठच न्हाई." मग आठवून म्हणाले, "पर पेटी जरा बाधिक निघाली वो. गेल्या रविवारी सकाळी मोटार चालू-बंद, चालू-बंद, अकरा येळा! हिनं नारळ फोडला मोटारीम्होरं." त्या पेटीला दुसऱ्या नंबरवरून फोन लावला की मोटार चालू किंवा बंद होते, हे मला त्या क्षणी समजलं. मला ठसका लागला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि म्हणाले, "असत्यात पाव्हनं, काय जागा असत्यात तशा." आयुष्यात माझी एवढी मोठी चूक इतक्या सभ्यपणे कुणी पुरली नव्हती.

पुढचा दीड महिना मालक रोज घोटावड्याला जात, सरळ रस्त्यानं. काकी निम्म्या वेळा सोबत जात आणि येताना बहिणीच्या घरचं काहीतरी घेऊन येत, कधी काकड्या, कधी नुसत्या गप्पा. अर्धा मांडव वाचला. पावसाळ्याच्या तोंडावर साडूंचं प्लास्टर निघालं. मुलीनं त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं, ते बरे चालू लागले, आणि पहिल्याच रिंगला फोन उचलू लागले. म्हणजे सगळं ठीक झालं. म्हणजे दुसऱ्या नंबरचं काम संपलं.

पाऊस सरून मोटारी पुन्हा चालू झाल्या तरी मालकांचा फोन वाजला नाही. साडेआठ वाजता ते तो मांडीवर घेऊन बसत. एकदोनदा मला म्हणाले, "बगा जरा, बंद तर न्हाई पडला?" फोन चांगला होता. शेवटी एक दिवस त्यांनी स्वतःच लावला. मी शेजारी होतो.

"पाव्हनं, एक काम करा. सकाळचा फोन उचलत जाऊ नगा."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं विचारलं गेलं.

"यंत्र हाय म्हाईत हाय मला. ऐकू येतंय त्ये बी म्हाईत हाय. तरी उचलू नगा." ते थांबले. टोपी काढली, घातली. "मला येऊ द्या की."

पलीकडे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

मी आता भुकूमला राहतो, अकराव्या मजल्यावर, नंबर असलेल्या दारामागे. माझ्या नळाचा आवाज कुणी ऐकत नाही. परवा कामानिमित्त माणला गेलो होतो, सकाळीच. ओट्यावर मालक होते, थोडे थकलेले. मी बसतोय तोच फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकला, ठेवला. "लाईट आली," ते म्हणाले. आम्ही इकडचंतिकडचं बोललो. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. आणि मग काही न बोलता त्यांनी ओट्याच्या कोरड्या फरशीवरचे दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, खालून पाणी जायला वाट म्हणून. मी पण घेतले.